मनगटावरचा चंद्र: मूनफेज घड्याळाचं नेमकं काय आवडतं?

मंदकाटा
गेली कित्येक वर्षं मी एकच घड्याळ वापरतेय, साधं, तीन काट्यांचं. आता आयुष्यात एकदाच घ्यायचं असं एक उंची यांत्रिक घड्याळ घ्यायचं ठरवलंय आणि फिरून फिरून नजर मूनफेजवरच, म्हणजे चंद्राच्या कला दाखवणाऱ्या घड्याळावरच, येऊन थांबते. डायलच्या खालच्या भागातली ती कमानीची खिडकी, निळ्या आकाशातून सरकणारा सोनेरी चंद्र आणि बाजूला दोन-चार चांदण्या. दुकानात ट्रेभर घड्याळं समोर असली तरी हात त्याच्याकडेच जातो.

घरी मत विचारलं, तर पहिला प्रश्न आला: याचा उपयोग काय? क्रोनोग्राफने वेळ मोजता येते, जीएमटीने दुसऱ्या देशातली वेळ कळते, तारीख रोजच लागते. आज चंद्र किती कलांचा आहे हे कळून तू काय करणार? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ते मनात सलतंय.

म्हणून इथे विचारते. ज्यांच्याकडे मूनफेज आहे त्यांनी खरं खरं सांगा: नवलाई ओसरल्यावरही तुम्ही त्या खिडकीकडे बघता का? आणि ‘122 वर्षांत एका दिवसाचा फरक’ असं जे लिहिलेलं असतं, त्याला घेताना किती महत्त्व द्यायचं?

टिकटिक
रोज बघतो. अकरा वर्षं झाली. सविस्तर रात्री लिहितो.

साधंसुधं
मी उलट बाजूने लिहितो, कारण घेण्याआधी ही बाजूही कानावर पडायला हवी.

माझ्याकडे मूनफेज होतं. तीन वर्षं वापरून विकलं. मी आलटून पालटून चार घड्याळं घालतो, त्यामुळे एकेक घड्याळ आठवडा-आठवडा पडून राहतं आणि चावी संपून बंद पडतं. वेळ लावायला अर्धा मिनिट लागतं. तारीख लावायची, वार लावायचा, मग कडेचं बारीक बटण टोकदार काडीने दाबत चंद्र आणायचा. आधी उत्साहाने केलं, मग कंटाळलो, आणि शेवटी चंद्र लावायचं सोडूनच दिलं.

खरा त्रास पुढे झाला. बाहेर टिपूर चांदणं आणि मनगटावर अमावस्या. तारीख चुकली तर ती चूक वाटते. चंद्र चुकीचा असला की आपण घड्याळाला खोटं बोलायला लावतोय असं वाटायचं. ते मला सहन होईना. ज्यांच्याकडे एकच घड्याळ आहे आणि जे ते रोज घालतात, त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांनी विचार करावा.

मंदकाटा
@साधंसुधं, माझं एकच असणार आहे आणि रोज घालणार आहे. पण ‘खोटं बोलायला लावतोय’ हे अगदी पटलं.

निळीशाई
धाग्यावर नवीन लोकही येतील, म्हणून आधी थोडं यंत्राबद्दल. मला त्यातच सगळ्यात जास्त आनंद मिळतो.

खिडकीतून दिसतो तो चंद्र एका चकतीवर असतो, आणि त्या चकतीवर एक नाही, समोरासमोर दोन चंद्र असतात. एक खिडकीतून जात असतो तेव्हा दुसरा डायलखाली लपलेला असतो. एका अमावस्येपासून पुढच्या अमावस्येपर्यंत सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटं आणि जवळजवळ 3 सेकंद लागतात. साडेएकोणतीस दाते कापता येत नाहीत. म्हणून दोन महिने एकत्र धरले की 59 दिवस होतात, चकतीला 59 दाते द्यायचे आणि घड्याळाने दिवसातून एकदा एक दाता ढकलायचा. दोन चंद्र असण्याचं कारण एवढंच. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी बराच वेळ हसत होतो, इतका तो उपाय साधा आणि नेमका आहे.

आता दर महिन्याला वरची 44 मिनिटं राहतात. ती साठत साठत साधारण 2 वर्षं 7 महिन्यांत एक दिवस होतो. तेव्हा बटण एकदा दाबायचं, झालं.

त्या ‘122 वर्षां’साठी चकतीला 135 दाते देऊन मध्ये आणखी चक्रं घालतात. मग महिन्याची चूक 44 मिनिटांवरून एका मिनिटाच्या आत येते. एका दिवसाची चूक साठायला 122 वर्षं लागतात ती यामुळे. अर्थात घड्याळ एकदाही बंद पडलं नाही तर.

उंबरठा
छान समजावलंत. एक प्रश्न: माझ्याकडे ओरिएंटचं ‘सन अँड मून’ आहे. तेही मूनफेजच ना?

निळीशाई
@उंबरठा, नाही. त्यातली चकती 24 तासांत एक फेरा घेते. दिवसा सूर्य, रात्री चंद्र. सुंदर आहे, पण ते दिवस आहे की रात्र एवढंच सांगतं. चंद्राच्या कलांशी त्याचा संबंध नाही. ओरिएंट स्टारमध्ये खरं मूनफेज असलेली घड्याळंही मिळतात. खूप जणांची ही गल्लत होते. सोपी परीक्षा अशी की सकाळी आणि रात्री खिडकी बघायची. चित्र पूर्ण पालटलं असेल तर ते मूनफेज नव्हे.

उंबरठा
म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे चंद्र रोज उगवतोय! आवडलं मला हे. असू दे तसंच.

दुर्बीणवाला
घड्याळांतलं मला फार कळत नाही, चंद्र मात्र तीस वर्षं बघतोय. म्हणून अचूकतेबद्दल आकाशाच्या बाजूने लिहितो.

निळीशाईंनी दिलेला काळ सरासरीचा आहे. प्रत्यक्षात चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, तो कधी वेगाने जातो कधी संथ, आणि पृथ्वीचाही सूर्याभोवतीचा वेग बदलत असतो. त्यामुळे एखादा चांद्रमास 29 दिवस साडेसहा तासांचा असतो, तर एखादा 29 दिवस 20 तासांचा. म्हणजे सरासरीने चालणारं घड्याळ कितीही अचूक केलं तरी खरी पौर्णिमा त्याच्या अर्धा दिवस पुढेमागे होऊ शकते. ही चूक घड्याळाची नाही. चंद्रच एका चालीने चालत नाही.

दुसरं, पौर्णिमेच्या आसपास एका दिवसाचा फरक डोळ्याला कळतच नाही. पौर्णिमेच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी चंद्रबिंब 99 टक्के उजळलेलं असतं. पण अष्टमीच्या सुमाराला, चंद्र अर्धा असताना, एका दिवसात 50 चे 60 टक्के होतात. म्हणून घड्याळातला चंद्र बरोबर आहे की नाही हे तपासायचं असेल तर पौर्णिमेची वाट बघू नका. अर्धा चंद्र बघा.

तेव्हा मंदकाटा, 59 दाते असोत की 135, मनगटावर तुम्हाला फरक दिसणार नाही. डोळे मिटून जे आवडेल ते घ्या.

खटकेबाज
डोळे मिटून कसं घ्यायचं, बघायलाच तर घ्यायचंय! :)

पण दुर्बीणवाल्यांशी मी अर्धाच सहमत. 122 वर्षं ही तर सुरुवात आहे. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या पोर्तुगिझर पर्पेच्युअल कॅलेंडरमध्ये (लहानमोठे महिने आणि लीप वर्ष आपोआप सांभाळणाऱ्या घड्याळात) एका दिवसाची चूक 577.5 वर्षांनी होते. ए. लांगे अँड झोने या जर्मन कंपनीचं ‘टेरालुना’ 2014 मध्ये आलं, त्यात 1058 वर्षांनी. त्यातला चंद्र तर घड्याळाच्या पाठीमागे आहे: मध्ये पृथ्वी, भोवती फिरणारा चंद्र आणि सूर्याच्या जागी खुद्द घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची चाल राखणारं, झुलणारं चक्र. आणि 2024 मध्ये आयडब्ल्यूसीने ‘इटर्नल कॅलेंडर’ काढलं, त्यात 4.5 कोटी वर्षांत एक दिवस! त्याच वर्षी जिनिव्हाच्या घड्याळ पुरस्कारांत त्याला सर्वोच्च मान मिळाला.

उपयोग विचाराल तर शून्य. पण मला ते आकडे वाचताना अंगावर काटा येतो.

दुर्बीणवाला
@खटकेबाज, साडेचार कोटी वर्षांचं गणित कागदावर बरोबर आहे. पण चंद्र तोवर तसाच थांबणार आहे का? अपोलो 11, 14 आणि 15 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांच्यावर लेझर सोडून अंतर मोजतात. त्यातून कळलं की चंद्र दरवर्षी आपल्यापासून सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातोय. तो दूर गेला की त्याची फेरी लांबते. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचा दिवसही हळूहळू मोठा होतोय. एवढ्या काळात चांद्रमासच बदललेला असेल.

खटकेबाज
@दुर्बीणवाला, मान्य. पण तुम्ही त्याच्याकडे वापरायची वस्तू म्हणून बघताय. मी कोडं म्हणून बघतो. एका बाजूला 29.53059 दिवस ही आडमुठी संख्या, दुसऱ्या बाजूला पूर्णांकातच मोजता येणारे दाते. पाऊण दात्याचं चक्र कुणी करू शकत नाही. मग अशी कोणती तीन-चार चक्रं एकमेकांत गुंतवली की त्यांचा गुणाकार-भागाकार त्या संख्येच्या अगदी जवळ जाईल? शिवाय ती सगळी एका नाण्याएवढ्या जागेत मावायला हवीत. इटर्नल कॅलेंडरमध्ये हे मधल्या तीन चक्रांनी साधलंय. ज्याने ते शोधलं त्याला चंद्र साडेचार कोटी वर्षं तिथे असेल की नाही याने काय फरक पडतो? त्याने संख्येला गाठलं.

दुर्बीणवाला
हे मात्र पटलं. आम्हीही न दिसणाऱ्या ताऱ्यासाठी रात्र रात्र जागतोच.

सरळरेषा
मी चित्रं काढते, त्यामुळे माझी तक्रार निराळी आहे आणि ती कुणीच काढली नाही याचं नवल वाटतंय. बहुतेक मूनफेज घड्याळांत चंद्राचा आकारच चुकीचा दिसतो!

नीट बघा. खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन गोल उंचवटे असतात, चंद्र त्यांच्या आडून बाहेर येतो आणि दुसऱ्याच्या आड जातो. अर्धा चंद्र असताना आकाशात उजेड आणि अंधार यांच्यामधली रेघ सरळ असते, अगदी सुरीने कापल्यासारखी. घड्याळात मात्र त्या वेळीही रेघ वाकडीच असते, कारण झाकणारी कड गोल आहे. अर्ध्यापेक्षा मोठा चंद्र तर आकाशात कधीच दिसत नाही असा दिसतो: फुगीर व्हायच्या ऐवजी एका बाजूने चावा घेतल्यासारखा. तशी कड ग्रहणात दिसते, रोजच्या चंद्रात नाही.

खराखुरा आकार हवा असेल तर चेंडूच हवा, अर्धा काळा आणि अर्धा उजळ, स्वतःभोवती फिरणारा. द बेथून ही कंपनी असा चेंडू मनगटी घड्याळात बसवते, अर्धा प्लॅटिनमचा आणि अर्धा निळ्या केलेल्या पोलादाचा. आणि कल्पना फार जुनी आहे. प्रागच्या 1410 सालच्या खगोलीय घड्याळावरचा चंद्रही असाच गोळा आहे.

निळीशाई
@सरळरेषा, त्याहून कितीतरी जुनी. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये वर काढलेलं ते कांस्याचं यंत्र साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे. त्यातही चंद्राच्या कला दाखवणारा काळा-पांढरा छोटा गोळा होता असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. आणि दुर्बीणवाले, तुमच्यासाठी खास: चंद्र कधी वेगाने कधी संथ चालतो, तेही त्या यंत्रात होतं! एका चक्रावरची खुंटी दुसऱ्या चक्राच्या खाचेत सरकते, दोघांचे आस किंचित सरकवलेले, त्यामुळे चाल बदलत राहते. तुम्ही म्हणता ती उणीव त्यांनी तेव्हाच भरून काढली होती.

दुर्बीणवाला
हे मला माहीत नव्हतं. आज झोप नाही.

पाणकोळी
उपयोग काय, असा प्रश्न वर आला म्हणून लिहितो. आयुष्याची बावीस वर्षं बोटींवर गेली.

समुद्राकाठच्या माणसाला चंद्र ही बातमी असते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी किती चढेल, किती उतरेल, उथळ मुखातून बोट निघेल की चिखलात बसेल, हे त्यावरून कळायचं. आता तक्ते आणि उपकरणं आहेत, माझ्या मनगटावर कोणी विसंबत नाही. पण अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या उंच लाकडी घड्याळांवर वरच्या कमानीत चंद्र असायचा आणि काहींवर एखाद्या बंदराच्या भरतीची वेळही असायची. म्हणजे हा दागिना म्हणून जन्मलेला नाही, कामाचा माणूस आहे. बर्मिंगहॅमच्या विद्वानांच्या एका मंडळाचं तर नावच ‘लूनर सोसायटी’ पडलं, कारण ते पौर्णिमेच्या आसपास जमत. सभा संपल्यावर घरी परतायला रस्त्यावर उजेड हवा ना!

मंदकाटा, घरी हे सांगून बघा.

दक्षिणायन
मी गेली नऊ वर्षं दक्षिण गोलार्धात राहतेय. सगळं सामान हलवलं, घड्याळाची वेळ बदलली, सगळं जुळलं, फक्त चंद्र जुळेना. उत्तर गोलार्धात वाढता चंद्र उजवीकडून उजळतो, इथे डावीकडून. माझ्या घड्याळातला चंद्र अजून तिकडचा आहे.

पहिल्या वर्षी चिडचिड झाली. विकून खटकेबाजांनी सांगितलेलं ते आयडब्ल्यूसीचं घ्यावं असं वाटलं, कारण त्यात दोन चंद्र आहेत, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. एर्मेसचं 2019 मधलं ‘लर द ला ल्यून’ही पाहिलं. त्याची गंमत म्हणजे दोन्ही गोलार्धांचे चंद्र स्थिर आणि वेळेची व तारखेची छोटी डायलच त्यांच्यावरून फिरतात, चंद्र झाकत आणि उघडत. फार देखणं.

पण बदललं नाही. इथल्या आकाशात इथला चंद्र आहेच. आई तिकडे गच्चीत उभी राहून जो बघते तो माझ्या मनगटावर आहे. साधंसुधंनी वर ‘खोटं’ म्हटलं, ते वाचून थांबले होते. माझं घड्याळ इथे नऊ वर्षं चुकीचं आहे आणि मला ते बरोबर वाटतं.

मंदकाटा
@दक्षिणायन, हे वाचून गप्प झाले.

साधंसुधं
@दक्षिणायन, तुमचं घड्याळ खोटं बोलत नाहीये. ते दुसरीकडचं खरं सांगतंय. माझं दोन्हीकडचं नव्हतं.

खटकेबाज
थोडं अवांतर. चंद्रावर पोचलेलं घड्याळ म्हणून सगळे ओमेगा स्पीडमास्टरचं नाव घेतात. 1969 मध्ये बझ ऑल्ड्रिनच्या हातात ते चंद्राच्या पृष्ठभागावर होतं. त्या घड्याळात मूनफेज नव्हतं, आणि तिथे त्याची गरज तरी काय! पुढे ओमेगाने स्पीडमास्टरमध्ये मूनफेज दिलं. 2016 च्या आवृत्तीतला चंद्र छायाचित्रासारखा हुबेहूब आहे आणि त्यावर भिंगाखालीच दिसेल असा अंतराळवीराच्या बुटाचा ठसा आहे. मी दहापट भिंग घेऊन शोधलाय.

निळीशाई
@खटकेबाज, आणि ब्लांपाँ या स्विस कंपनीच्या घड्याळातल्या चंद्राच्या गालावर तीळ आहे, तो विसरलात.

त्या तिळामागची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण मूळ प्रश्नाचं एक उत्तर तिच्यात आहे. 1969 च्या शेवटी जपानच्या सायकोने क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ आणलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस यांत्रिक घड्याळांचा धंदा मोडकळीला आला, हजारो कारागिरांची कामं गेली. अचूकतेत क्वार्ट्झपुढे कुणाचा निभाव लागेना. अशा वेळी, 1983 मध्ये, नव्याने उभ्या राहिलेल्या ब्लांपाँने काय काढावं? तारीख, वार, महिना आणि हसऱ्या चेहऱ्याचा चंद्र असलेलं यांत्रिक घड्याळ. सेकंदाच्या शर्यतीत न उतरता त्यांनी चंद्र पुढे केला आणि लोकांनी तो घेतला. यांत्रिक घड्याळ पुन्हा उभं राहिलं त्यात या चंद्राचा वाटा मोठा आहे.

म्हणजे ‘उपयोग काय’ हा प्रश्न तेव्हाही होता, आणि आजच्यापेक्षा कितीतरी बोचरा.

टिकटिक
रात्री लिहितो म्हणालो होतो, एक दिवस उशीर झाला. (2 वर्षं 7 महिन्यांचा कोटा आजच संपवला.)

मंदकाटा, आधी अडचणी सांगतो.

पहिली. बहुतेक घड्याळांत रात्री साधारण 9 ते पहाटे 3 या वेळात तारीख आणि चंद्र बदलायचे नसतात. त्या वेळी आतला ढकलणारा दाता चकतीत अडकलेला असतो. मी पहिल्याच वर्षी रात्री अकरा वाजता उत्साहाने बटण दाबलं. आतून बारीक ‘कट्’ असा आवाज आला आणि त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला. घड्याळ दीड महिना दुरुस्तीला. आपल्या घड्याळाचं माहितीपत्रक वाचा, आणि बटण दाबण्याआधी काटे सकाळी सहा-सातवर आणून ठेवा.

दुसरी. पाच वर्षांनी सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते वेळेला चोख, तारीख बरोबर, काच चकचकीत. चंद्र मात्र तीन दिवस मागे लावलेला. मला ते घरी येऊन आठ दिवसांनी कळलं. संध्याकाळी गच्चीत उभा होतो, समोर अर्धा चंद्र, आणि मनगटावर नुसती कोर. दुर्बीणवाले म्हणतात तेच, अर्ध्या चंद्राने पकडलं. ज्यांच्याकडे दिलं होतं त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘चंद्र कोण बघतो?’ राग आला नाही, वाईट वाटलं. इतकं बारीक काम करणाऱ्या माणसाने तसं म्हणावं याचं. तेव्हापासून सर्व्हिसिंगहून आलं की आधी चंद्र बघतो.

आता का आवडतं ते. मी एकदा हिशेब केला. चंद्राची चकती एक पूर्ण फेरा घेते त्या 59 दिवसांत तासकाटा 118 फेरे मारतो, मिनिटकाटा 1416, आणि सेकंदकाटा 84,960. चावीच्या एकाच स्प्रिंगच्या बळावर, एकाच डब्यात, हे सगळे चाललेले असतात. माझं काम असं आहे की दिवसभर त्या 84,960 वाल्याच्या मागे धावायचं. मिनिटामिनिटाचा हिशेब द्यावा लागतो. बैठकीत वेळ बघायला मनगट वळवतो तेव्हा खाली तो दिसतो, कालच्यापेक्षा एक दाता पुढे. त्याला कुणी घाई करत नाही. मला त्याच्याकडे बघून बरं वाटतं.

अकरा वर्षांत सुमारे 136 वेळा तो भरलाय. पहिल्या काही वेळा मी मुद्दाम बघितला असेन. नंतर तो आपोआप दिसतो.

रात्रपाळी
टिकटिक, तुमच्या त्या बैठकीच्या जागी माझा वॉर्ड घाला.

मी परिचारिका आहे. रुग्णांजवळ काम करताना मनगटावर काही घालायचं नसतं, त्यामुळे घड्याळ लॉकरमध्ये असतं. आमच्या विभागाला बाहेर उघडणारी खिडकी नाही. पांढरे दिवे चोवीस तास सारखेच. सलग रात्रपाळ्या लागल्या की आज कोणता वार हेही कळेनासं होतं. पहाटे तीनच्या सुटीत लॉकर उघडते तेव्हा आधी चंद्राकडे नजर जाते, वेळेकडे नंतर. बाहेर आत्ता काय असेल ते कळतं. कोर असेल, भरत आला असेल. पाळी संपवून बाहेर पडताना उतरत्या पक्षातला चंद्र अजून वर असतो. तो असणार हे मला आधीच माहीत असतं, तरी मान वर होतेच.

माझं काही फार उंची नाही. 59 दात्यांचंच असावं. मी कधी विचारलं नाही.

सरळरेषा
@रात्रपाळी, तुमच्यापुढे माझी ती वाकडी रेघ मी मागे घेते.

रात्रपाळी
@सरळरेषा, नका घेऊ! आज पाळीवर जाताना बघितलं, खरंच चावा घेतल्यासारखा दिसतोय. आता तो मला जास्तच आवडतो.

उंबरठा
खरं मूनफेज घ्यायची इच्छा होऊ लागलीय. खिडकीतली ती निळी चमचम कशाची असते? रंग असतो का?

निळीशाई
@उंबरठा, बऱ्याच वेळा लाख किंवा मुलामा. उंची घड्याळांत पुष्कळदा अ‍ॅव्हेंच्युरीन असतं. पुष्कळांना तो खडा वाटतो, पण घड्याळातलं बहुतेक अ‍ॅव्हेंच्युरीन ही काच असते. मूळ कसब व्हेनिसजवळच्या मुरानोच्या काचकारांचं. वितळलेल्या काचेत धातूचे सूक्ष्म कण धरतात आणि थंड झाल्यावर ते चांदण्यांसारखे चमकतात. दोन तुकडे कधीच सारखे नसतात. रोलेक्सने 2017 मध्ये चेलिनी मूनफेज काढलं त्यात पौर्णिमेच्या चंद्राला खरी उल्का वापरली होती, म्हणजे आकाशातूनच आलेला तुकडा. त्याआधी रोलेक्सचं मूनफेज आलं होतं ते थेट 1950 च्या दशकात.

दक्षिणायन
बायकांसाठीच्या मूनफेजबद्दल एक म्हणायचंय. बहुतेक ठिकाणी आम्हाला खडे जडवलेलं आणि आत क्वार्ट्झ असलेलं दाखवतात. मंदकाटा, दुकानात तसंच पुढे केलं तर ऐकू नका. पाटेक फिलिपने 1925 मध्ये पहिलं पर्पेच्युअल कॅलेंडर मनगटी घड्याळ केलं, चंद्रासकट. त्यातलं यंत्र मुळात 1898 मध्ये बायकांच्या गळ्यात घालायच्या घड्याळासाठी केलेलं होतं.

मंदकाटा
सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल परत दुकानात गेले होते. दोन पुढ्यात ठेवली होती, एक 135 दात्यांचं मोठं, एक जुन्या पद्धतीचं 59 चं, लहान. (दक्षिणायन, तिसरं खड्यांचं होतं. परत पाठवलं.)

लहान घेतलं. माझ्या मनगटावर ते नीट बसतं, डायल मोकळं आहे आणि चंद्राला चेहरा नाही, साधा सोनेरी गोळा आहे. अडीच वर्षांनी एकदा बटण दाबावं लागेल हे मला आता आवडायला लागलंय.

घरी पाणकोळींची भरती-ओहोटी सांगितली, तर ‘आपण समुद्रावर कुठे राहतो’ असं उत्तर आलं. मग रात्रपाळींचं लॉकर सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. रात्री जेवणं झाल्यावर मात्र हळूच विचारलं, ‘दाखव बघू, आज किती आहे?’

आता शेवटची मदत करा. दुकानदाराने चंद्र लावून दिलेला नाही, मीच नको म्हटलं. कसा लावू?

टिकटिक
अभिनंदन! काटे सकाळी सातवर आणा. बटण एकेकदा दाबत चंद्र खिडकीच्या बरोबर मध्ये, पूर्ण भरलेला, येईल तिथे थांबा. मग गेल्या पौर्णिमेपासून किती दिवस झाले ते मोजा आणि तितक्या वेळा दाबा. त्यानंतर वेळ लावा. हाताला घाई करू नका, प्रत्येक वेळी ‘टक्’ जाणवला पाहिजे.

दुर्बीणवाला
आणि येत्या अष्टमीला गच्चीत जाऊन ताडून बघा. रेघ सरळरेषांनी सांगितली तशी वाकडीच दिसेल, पण अर्धा असेल.

मंदकाटा
सतरा वेळा दाबलं. मोजून. उद्या अठरावा आपला आपण जाईल ना?

टिकटिक
जाईल. मध्यरात्रीच्या सुमाराला. जागत बसू नका.

मंदकाटा
बसणार आहे.